ऑफिसच्या विकीचा सर्च इंडेक्स फुगू लागला की काय करावे

ज्या कंपन्या आपली विकी (सहकाऱ्यांनी मिळून लिहायची माहितीची पाने) स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात, त्यांच्या अ‍ॅडमिनला कधी ना कधी डिस्क भरत आल्याची सूचना येते. तपासल्यावर लक्षात येते की डेटाबेस होता तेवढाच आहे, पानांची संख्याही फारशी वाढलेली नाही, पण सर्च इंडेक्सचा, म्हणजे शोधासाठी विकी आपल्या मजकुराची जी सूची बनवून ठेवते तिचा, फोल्डर मात्र दुपटीवर गेला आहे. अशा वेळी डिस्क वाढवून घेणे सर्वांत सोपे असते आणि बहुतेक ठिकाणी तेच केले जाते. माझा आग्रह असा आहे की डिस्क मागण्याआधी इंडेक्समध्ये नेमके काय साठले आहे ते पाहावे. इंडेक्स ज्या मजकुरामुळे फुगतो तो बहुतेक वेळा माणसांनी वाचण्यासाठी लिहिलेला नसतो. तो यंत्रांनी ओतलेला असतो, आणि तोच मजकूर शोधाचे निकालही बिघडवतो. म्हणून या कामाकडे केवळ जागेची बचत म्हणून पाहू नये. सहकाऱ्यांना हवे ते पान पहिल्या दोन-तीन निकालांत सापडणे हा त्याचा मोठा लाभ आहे.

पुढचे सर्व विवेचन अ‍ॅटलासियन कंपनीच्या कॉन्फ्लुएन्स डेटा सेंटर या विकीला धरून केले आहे. कॉन्फ्लुएन्सच्या जुन्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला. त्यानंतर ज्यांना क्लाउडवर जायचे नव्हते किंवा जाता येत नव्हते, ते डेटा सेंटरवर आले. क्लाउडवर इंडेक्सची काळजी अ‍ॅटलासियन घेते. डेटा सेंटरवर ती आपल्यालाच घ्यावी लागते.

इंडेक्स वाढतो तेव्हा आत काय घडते

कॉन्फ्लुएन्सचा शोध ल्यूसीन या मुक्तस्रोत लायब्ररीवर चालतो. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली ही लायब्ररी आज सोलर, इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च या शोधप्रणालींच्याही पोटात आहे, त्यामुळे इथले बरेचसे तर्क इतर विकींनाही लागू पडतात. ल्यूसीन प्रत्येक शब्दासमोर तो कोणकोणत्या दस्तऐवजांत आणि त्यांत कितव्या जागी आला आहे याची नोंद ठेवते. निकालांत पानाचा उतारा दाखवता यावा म्हणून मजकुराची एक प्रतही इंडेक्समध्ये साठवली जाते. म्हणजे इंडेक्सचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: एकूण मजकूर किती आहे, आणि त्यात वेगवेगळे शब्द किती आहेत. यातली दुसरी गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

ल्यूसीन आपला साठा सेगमेंट नावाच्या तुकड्यांत ठेवते, आणि एकदा लिहिलेला सेगमेंट पुन्हा बदलला जात नाही. एखाद्या पानात स्वल्पविराम जरी बदलला, तरी त्या पानाची जुनी नोंद रद्द झाल्याची खूण केली जाते आणि पूर्ण पानाची नवी नोंद दुसऱ्या सेगमेंटमध्ये लिहिली जाते. रद्द नोंदीने व्यापलेली जागा लगेच मोकळी होत नाही. पुढे काही सेगमेंट एकत्र करून नवा मोठा सेगमेंट बनवला जातो, तेव्हाच ती सुटते. हे विलीनीकरण पूर्ण होईपर्यंत जुने सेगमेंटही डिस्कवरच राहतात, त्यामुळे डिस्कचा वापर मधूनच वर जातो आणि मग खाली येतो. एका दिवसाचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही ते यासाठीच. ल्यूसीनच्या मूळ मांडणीत विलीनीकरणातून तयार होणाऱ्या सेगमेंटची कमाल मर्यादा ५ जीबी आहे. या मर्यादेच्या आसपास पोहोचलेला सेगमेंट, त्यातल्या रद्द नोंदींचे प्रमाण बरेच वाढल्याशिवाय, सहसा पुन्हा विलीनीकरणात घेतला जात नाही. परिणामी अनेक वर्षे चाललेल्या आणि सतत संपादन होणाऱ्या विकीत रद्द नोंदींचा बराच भार साचून राहतो.

कॉन्फ्लुएन्स प्रत्यक्षात दोन इंडेक्स सांभाळते. पाने, ब्लॉग, प्रतिक्रिया आणि अटॅचमेंट यांचा मजकूर ‘कॉन्टेन्ट इंडेक्स’मध्ये जातो. कोणी, कधी, काय बदलले याची माहिती ‘चेंज इंडेक्स’मध्ये जाते. वाढ या दोन्हींपैकी कशात झाली हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे असतात.

मोजमाप

नोडच्या (विकी चालवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरच्या) लोकल होममध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये, इंडेक्स नावाचा फोल्डर असतो आणि चेंज इंडेक्स त्याच्या आत वेगळ्या उपफोल्डरमध्ये असतो. दोन्हींचे आकार स्वतंत्रपणे मोजावेत. क्लस्टर असेल, म्हणजे अनेक नोड मिळून एकच विकी चालवत असतील, तर प्रत्येक नोडवर इंडेक्सची पूर्ण प्रत असते हे विसरू नये. समजा, इंडेक्स ४० जीबीचा आहे आणि नोड ३ आहेत, तर १२० जीबी जागा तिथेच गेली, आणि सामायिक होममध्ये (सर्व नोडांच्या एकत्र फोल्डरमध्ये) ठेवल्या जाणाऱ्या स्नॅपशॉटची (इंडेक्सच्या तयार प्रतींची) जागा याहून वेगळी. इंडेक्समध्ये वाढणारा प्रत्येक गिगाबाइट म्हणजे नोडच्या संख्येइतके गिगाबाइट, हे खर्चाचा हिशेब मांडताना वरिष्ठांना स्पष्ट दाखवता येते.

नोडांमधल्या आकारांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे, कारण प्रत्येक नोड आपले विलीनीकरण आपल्या वेळेने करतो. एका नोडचा इंडेक्स इतरांपेक्षा फारच मोठा किंवा लहान असेल, तर मात्र तो नोड मागे पडला आहे का हे अ‍ॅडमिन पानावरच्या इंडेक्सिंगच्या रांगेच्या नोंदीतून तपासावे. रांग सतत लांबतच जात असेल, तर एखादी अवघड अटॅचमेंट मजकूर काढताना अडकली असण्याची शक्यता प्रथम पाहावी. डिस्कचा विचार त्यानंतर करावा.

इंडेक्सच्या फोल्डरमधल्या फाइलींची विस्तारनामेही बरेच काही सांगतात. मोठ्या सेगमेंटच्या फाइली सुट्या असतात. त्यांपैकी एफडीटी विस्तारनामाच्या फाइलींत साठवलेला मूळ मजकूर असतो, टीआयएमच्या फाइलींत शब्दांची सूची असते, आणि पीओएसच्या फाइलींत शब्दांच्या जागा असतात. लहान सेगमेंट सीएफएस या एकत्रित स्वरूपात असतात, त्यांच्याकडे सध्या दुर्लक्ष केले तरी चालेल. तिन्ही प्रकारांच्या आकारांची बेरीज करून एकमेकांशी तुलना करावी. एफडीटी आणि पीओएस दोन्ही भरपूर मोठे असतील, तर मजकूरच खूप आहे. टीआयएम इतरांच्या मानाने फार मोठा दिसला, तर कोणत्याही शब्दकोशात नसलेले आणि पुन्हा कधी न येणारे कोट्यवधी शब्द इंडेक्समध्ये शिरले आहेत असे समजावे. ही पाहणी दहा मिनिटांची आहे आणि तिने पुढचा शोध निम्म्याने सोपा होतो.

यानंतर डेटाबेसकडे वळावे. कॉन्फ्लुएन्सच्या डेटाबेसमध्ये ‘कॉन्टेन्ट’ हा तक्ता असतो. त्यात पान, प्रतिक्रिया, अटॅचमेंट असा प्रकार नोंदवलेला असतो, आणि जुन्या आवृत्तीच्या नोंदीत चालू आवृत्तीचा संदर्भ असतो. चालू नोंदीत तो रकाना रिकामा असतो. त्यावरून तीन याद्या काढाव्यात: कोणत्या स्पेसमध्ये (एखाद्या विभागाच्या किंवा प्रकल्पाच्या पानांच्या गटात) चालू पाने आणि अटॅचमेंट सर्वाधिक आहेत, कोणत्या पानांच्या आवृत्त्या सर्वाधिक आहेत, आणि कोणत्या प्रकारच्या अटॅचमेंटनी सर्वाधिक जागा घेतली आहे. क्वेरी फक्त वाचणाऱ्या हक्कांच्या खात्यातून, आणि शक्य असल्यास डेटाबेसच्या प्रतीवर चालवावी. चालत्या डेटाबेसमध्ये हाताने काही पुसण्याचा विचारही करू नये. विकीला न सांगता डेटाबेसमधून ओळी काढल्या तर इंडेक्समधल्या नोंदी तशाच राहतात आणि शोधातून उघडलेली पाने सापडेनाशी होतात.

फुगवटा येतो कुठून

अटॅचमेंट हा पहिला आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा स्रोत. कॉन्फ्लुएन्स अटॅचमेंटमधला मजकूर काढून इंडेक्समध्ये घालते. त्यासाठी काही मर्यादा ठरलेल्या आहेत: १०० एमबीपेक्षा मोठ्या फाइलीतला मजकूर काढलाच जात नाही, फक्त फाइलीचे नाव शोधात येते, आणि काढलेल्या मजकुरासाठी एक्सेलला १ एमबी, पीडीएफला ८ एमबी, साध्या मजकुराच्या फाइलींना १० एमबी आणि वर्डला १६ एमबी अशी मर्यादा आहे. त्यापलीकडचा मजकूर शोधात येत नाही. या मर्यादा ऐकायला पुरेशा वाटतात. पण दोनशे पानांच्या इंग्रजी नियमपुस्तिकेतला निव्वळ मजकूर साधारण अर्ध्या एमबीचा भरतो, म्हणजे १० एमबीची एक लॉग फाइल (यंत्राने आपोआप लिहिलेली घडामोडींची नोंद) अशा वीस नियमपुस्तिकांइतका मजकूर इंडेक्समध्ये टाकते.

लॉग फाइलीचा त्रास केवळ आकारापुरता नाही. तिच्यातली एक ओळ जवळून पाहावी. तीत दिनांक असतो, मिलिसेकंदांपर्यंतची वेळ असते, आणि बहुतेक वेळा प्रत्येक विनंतीला दिलेला ३२ षोडशमान अंकांचा (० ते ९ आणि a ते f) ओळखक्रमांक असतो, जो आडव्या रेघांनी पाच तुकड्यांत विभागलेला असतो. मजकुराचे शब्दांत तुकडे करताना या रेघांपाशी तोडले जाते, त्यामुळे एका ओळखक्रमांकाचे पाच ‘शब्द’ होतात. मधले चार-चार अंकांचे तुकडे मर्यादितच असू शकतात, कारण अशा चार अंकांतून ६५,५३६ पेक्षा अधिक प्रकार निघत नाहीत. पण पहिला आठ अंकी आणि शेवटचा बारा अंकी तुकडा जवळजवळ प्रत्येक वेळी नवा असतो. एक लाख विनंत्यांची लॉग फाइल चढवली की इंडेक्सच्या शब्दसूचीत दोन लाखांच्या घरात असे शब्द जमा होतात, जे कोणीही कधीही शोधणार नाही. टीआयएम फाइली मोठ्या दिसतात त्या याच कारणाने. पानात थेट चिकटवलेले लॉग, डेटाबेसमधून काढलेल्या सीएसव्ही फाइली, आणि चित्रे मजकुराच्या रूपात कोंबलेल्या एचटीएमएल फाइली हे याच घराण्यातले.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांत आणखी एक प्रकार आढळतो, ज्याचा उल्लेख परदेशी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, कृतीदेव यांसारख्या फॉन्टांत टाइप केलेली परिपत्रके, करारनामे आणि ठराव आजही पीडीएफच्या रूपात विकीवर चढवले जातात. डोळ्यांना ते स्वच्छ देवनागरी दिसते, पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि मजकूर काढला की तोच कचरा इंडेक्समध्ये जातो. इंडेक्स वाढतो आणि ‘रजा रोखीकरण’ असे शोधल्यावर ते परिपत्रक सापडतही नाही. अशा दस्तऐवजांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हाच खरा उपाय आहे. ते लगेच शक्य नसेल, तर निदान फाइलीला देवनागरीत अर्थपूर्ण नाव द्यावे आणि ती ज्या पानाला जोडली आहे त्या पानावर चार ओळींचा सारांश लिहावा. नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूरच नसतो, त्यामुळे तिथे इंडेक्स वाढत नाही, पण नावाची आणि सारांशाची गरज तिथेही तेवढीच आहे.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे आपोआप लिहिली जाणारी पाने. बिल्डचा अहवाल, सर्व्हरची स्थिती, चाचण्यांचे निकाल असे पान एखादी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी नव्याने लिहीत असेल, तर दिवसाला २८८ आणि वर्षाला १,०५,१२० आवृत्त्या होतात. त्यांतली चालू आवृत्तीच कॉन्टेन्ट इंडेक्समध्ये राहते, पण प्रत्येक बदलामागे रद्द नोंदी साचतात आणि चेंज इंडेक्स वाढत जातो. स्क्रिप्टने ‘किरकोळ बदल’ अशी खूण केल्यास सहकाऱ्यांना सूचना जात नाहीत. आवृत्ती मात्र तयार होतेच. चेंज इंडेक्स असामान्य वाढलेला दिसला, तर सर्वाधिक आवृत्त्यांच्या पानांची यादी उघडावी. कारणीभूत पाने बहुधा पहिल्या दहांतच असतात.

प्रत्येक नव्या प्रकल्पासाठी जुनी स्पेस जशीच्या तशी कॉपी करण्याची सवय हा तिसरा स्रोत. कॉपी करताना अटॅचमेंटही येतात आणि तोच मजकूर पुन्हा इंडेक्समध्ये जातो. यावर उपाय सोपा आहे: टेम्प्लेट बनवावे आणि त्यात फक्त सांगाडा ठेवावा.

ज्या उपायांनी इंडेक्स कमी होत नाही

अनेक अ‍ॅडमिन पुढचे उपाय मोठ्या आशेने करतात आणि इंडेक्सचा आकार तसाच राहिल्यावर गोंधळतात. स्पेस अर्काइव्ह केल्याने ती नेहमीच्या निकालांतून बाजूला जाते, पण अर्काइव्ह केलेल्या स्पेसमध्येही शोधण्याची सोय असल्याने तिचा मजकूर इंडेक्समध्येच राहतो. शोधणाऱ्याला त्याने चांगलाच दिलासा मिळतो, म्हणून अर्काइव्ह जरूर करावे. जागेची अपेक्षा मात्र ठेवू नये. पानावर वाचण्याचे निर्बंध घातले तरी परवानगी असलेल्यांसाठी ते शोधण्याजोगे असावे लागते, त्यामुळे तेही इंडेक्समध्येच असते.

कचरापेटीचे उलट आहे. पान कचरापेटीत गेले की ते शोधातून निघते, म्हणजे कचरापेटी रिकामी करण्याने इंडेक्सला फारसा फरक पडणार नाही. डेटाबेस आणि अटॅचमेंटची डिस्क मात्र हलकी होईल. अटॅचमेंटच्या जुन्या आवृत्त्या काढण्याचाही फायदा मुख्यतः अटॅचमेंटच्या डिस्कलाच होतो. हे सर्व करावेच, पण कोणत्या कृतीने कोणती डिस्क मोकळी होते हे आधी लिहून ठेवले तर नंतर निष्कारण शंका उपस्थित होत नाहीत.

आवक रोखणे

साफसफाईआधी आवक रोखावी, नाहीतर मोकळी केलेली जागा काही महिन्यांत पुन्हा भरते. लॉग आणि डेटाचे डंप विकीवर न ठेवता लॉगच्या साधनात किंवा सामायिक साठ्यात ठेवावेत आणि विकीच्या पानावर त्यांचा दुवा व दोन ओळींचे निरीक्षण लिहावे. एखाद्या बिघाडाच्या नोंदीला लॉग जोडणे भागच असेल, तर फाइल झिप करून जोडण्याची पद्धत पाडावी. त्याने फाइल लहान होते, नावाने ती सापडते, आणि तिच्यातल्या लाखो ओळखक्रमांकांपासून इंडेक्स वाचतो. इतक्या छोट्या सवयीचा इतका मोठा परिणाम या सगळ्या कामात दुसऱ्या कशाचाही मी पाहिलेला नाही.

स्क्रिप्टच्या पानांसाठी ती लिहिणाऱ्या गटाशी बोलावे. क्षणाक्षणाला बदलणारी स्थिती मॉनिटरिंगच्या डॅशबोर्डवर असावी आणि विकीत तिचा दुवा असावा. दिवसअखेरचा गोषवारा मात्र विकीत ठेवायला हरकत नाही. ज्यांना पान बदलणे सोडवत नाही, त्यांना निदान मजकूर खरोखर बदलला असेल तरच पान लिहायला सांगावे. लिहिण्याआधी जुना आणि नवा मजकूर ताडून पाहणे ही स्क्रिप्टमधली फार तर दोन-तीन ओळींची भर असते.

अटॅचमेंटची कमाल मर्यादा मुळात १०० एमबी असते आणि ती अ‍ॅडमिनला कमी करता येते. पण निव्वळ मजकुराची १० एमबीची फाइलही किती जड पडते हे वर पाहिलेच आहे, त्यामुळे या एका आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. मर्यादा एकदम खाली आणली तर लोक फाइलीचे तुकडे करून चढवतात, आणि मग एकाच दस्तऐवजाचे पाच भाग शोधात येतात.

साफसफाई आणि जुन्या आवृत्त्या

काय काढायचे हे अ‍ॅडमिनने एकट्याने ठरवू नये. प्रत्येक स्पेसला एक जबाबदार व्यक्ती असावी आणि तिच्याकडे तिच्या स्पेसमधली यादी द्यावी: सर्वांत मोठ्या मजकूर-फाइली, सर्वाधिक आवृत्त्यांची पाने, बऱ्याच काळात कोणी हात न लावलेली पाने. यादी हातात आली की लोक निर्णय पटकन घेतात. ‘आपापली स्पेस साफ करा’ अशा सर्वसाधारण ईमेलला सहसा कोणी उत्तर देत नाही. लेखा आणि कायदा विभागांना आधी विचारावे. भारतीय कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांच्याशी संबंधित पावत्या किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि अशी कागदपत्रे काही ठिकाणी विकीवरच ठेवलेली असतात. ती पुसायची नसतात. दस्तऐवज जपण्याच्या योग्य प्रणालीत हलवायची असतात.

जुन्या आवृत्त्यांसाठी डेटा सेंटरमध्ये जतन-नियमांची सोय आहे. किती आवृत्त्या किंवा किती काळापर्यंतच्या आवृत्त्या ठेवायच्या हे पूर्ण विकीसाठी ठरवता येते आणि काही स्पेसना अपवाद करता येतो. धोरणांची आणि कार्यपद्धतींची पाने लेखापरीक्षणात महत्त्वाची ठरतात, म्हणून त्या स्पेसचा सर्व इतिहास राखावा आणि स्क्रिप्टच्या पानांवर कडक नियम लावावा. या नियमांनी पुसलेले परत आणता येत नाही, म्हणून आधी चाचणी सर्व्हरवर चालवून पाहावेत.

इंडेक्स नव्याने बांधणे

साफसफाईनंतर रद्द नोंदी हळूहळू विलीनीकरणात निघून जातीलच, पण मोठ्या सेगमेंटमध्ये अडकलेली जागा लवकर सोडवायची असेल तर इंडेक्स नव्याने बांधावा. हे काम साफसफाईच्या शेवटी एकदाच करावे. आठवड्याला इंडेक्स बांधण्याची सवय मी कोणालाही सुचवणार नाही, कारण त्याने मूळ कारण झाकले जाते आणि सर्व्हरवर तासन् तास भार पडतो.

किती वेळ लागेल याचा अंदाज दुसऱ्यांच्या आकड्यांवरून बांधू नये. पाने, अटॅचमेंट, प्रोसेसर आणि डिस्क यांनुसार तो फार बदलतो. मूळ विकीची प्रत चाचणी सर्व्हरवर उभी करून एकदा बांधून पाहावे आणि लागलेला वेळ, वापरलेली जागा आणि तयार झालेल्या इंडेक्सचा आकार लिहून ठेवावा. जुना इंडेक्स आणि बांधला जाणारा नवा इंडेक्स काही काळ शेजारी शेजारी असू शकतात, म्हणून प्रत्येक नोडवर सध्याच्या इंडेक्सइतकी तरी जागा मोकळी असल्याशिवाय सुरुवात करू नये. सामायिक होममध्येही तेवढीच जागा पाहावी. डिस्क ९० टक्के भरलेली असताना ‘इंडेक्स बांधला की जागा सुटेल’ या आशेने बटण दाबणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे, कारण मध्येच जागा संपली तर शोधच बंद पडतो.

शुक्रवारी रात्री, कामाची वेळ संपल्यावर, अ‍ॅडमिनच्या ‘कॉन्टेन्ट इंडेक्सिंग’ पानावरून काम सुरू करावे. अलीकडच्या आवृत्त्यांत क्लस्टरचा एक नोड इंडेक्स बांधतो आणि तयार झालेला इंडेक्स बाकीच्या नोडांकडे पाठवला जातो. बांधणाऱ्या नोडला लोड बॅलन्सरमधून (वापरकर्त्यांच्या विनंत्या नोडांत वाटणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर काढले तर वापरकर्त्यांना मंदपणा जाणवत नाही. परदेशातली कार्यालये त्या वेळी सुरू असतील तर त्यांना आधी कळवावे. पुण्यातली रात्र ही अमेरिकेतल्या सहकाऱ्यांची भर दुपार असते.

काम सुरू करण्याआधी आठ-दहा ठरावीक शोध करून त्यांचे पहिले पाच निकाल जपून ठेवावेत. रजेचे धोरण, व्हीपीएनची जोडणी, नव्या कर्मचाऱ्याची पहिल्या दिवसाची यादी असे रोजचे शोध त्यात असावेत, आणि एखाद्या पीडीएफच्या आतल्या वाक्याचा शोधही असावा. बांधणी झाल्यावर तेच शोध प्रत्येक नोडवर पुन्हा करावेत. पानांचे निकाल बरोबर आले पण पीडीएफमधले वाक्य सापडले नाही, तर अटॅचमेंटमधून मजकूर काढण्याच्या टप्प्यावर काही अडले आहे असे समजून लॉग पाहावेत.

जागा आणि सभोवताल

इंडेक्स नेहमी नोडच्या स्वतःच्या वेगवान डिस्कवर असावा. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर तो ठेवू नये. ल्यूसीन सतत लहान लहान फाइली लिहिते आणि पुसते, त्यामुळे अँटिव्हायरसच्या तपासणीतून हा फोल्डर वगळण्यासाठी सुरक्षा विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी. इंडेक्स मूळ मजकुरावरून पुन्हा बांधता येतो, म्हणून रोजच्या बॅकअपमध्ये तो घेतलाच पाहिजे असे नाही. पण चाचणीत बांधणीला दहा-बारा तास लागलेले दिसले असतील, तर बिघाडानंतर एवढा वेळ शोधाविना राहणे परवडेल का याचा विचार करून निर्णय घ्यावा.

दर आठवड्याला एका तक्त्यात पाच आकडे नोंदवावेत: कॉन्टेन्ट इंडेक्सचा आकार, चेंज इंडेक्सचा आकार, चालू पानांची संख्या, चालू अटॅचमेंटची संख्या आणि मोकळी जागा. पाने जेवढी वाढली तेवढाच इंडेक्स वाढत असेल तर ती निरोगी वाढ आहे आणि तिच्यासाठी डिस्क मागणे रास्त आहे. पाने स्थिर असताना इंडेक्स वाढू लागला, तर त्याच आठवड्यात शोध घ्यावा. त्या वेळी कारण ताजे असते, कोणत्या गटाने काय चढवले हे लोकांना आठवत असते.

ओपनसर्चकडे केव्हा जावे

कॉन्फ्लुएन्स ८.९ पासून ल्यूसीनऐवजी ओपनसर्च वापरण्याची सोय आली आहे. त्यात प्रत्येक नोडवर इंडेक्सची प्रत न ठेवता शोधाचे काम वेगळ्या क्लस्टरकडे जाते. चार-पाच नोड आणि मोठा इंडेक्स असलेल्या विकीला हे निश्चितच सोयीचे आहे. एक-दोन नोडांच्या विकीने मात्र वरची साफसफाई करून पाहावी, कारण ओपनसर्चचे क्लस्टर सांभाळणे हे स्वतंत्र काम आहे आणि त्यासाठी माणूस लागतो. यंत्रांनी ओतलेला मजकूर तिथेही तेवढीच जागा खातो, शिवाय प्रत्येक रेप्लिकामागे (इंडेक्सच्या जादा प्रतीमागे) पुन्हा तेवढीच.

ओपनसर्चमध्ये डिस्कच्या वापराचे तीन टप्पे मुळातच ठरलेले असतात. ८५ टक्क्यांनंतर त्या नोडवर नवे शार्ड (इंडेक्सचे तुकडे) ठेवणे थांबते, ९० टक्क्यांनंतर असलेले शार्ड दुसरीकडे हलवले जाऊ लागतात, आणि ९५ टक्क्यांना तिथले इंडेक्स केवळ वाचण्यापुरते आणि पुसण्यापुरते उरतात. या शेवटच्या टप्प्यात विकीची पाने नेहमीसारखी जतन होत राहतात, पण शोधात ती दिसत नाहीत, आणि वापरकर्त्यांच्या तक्रारी ‘माझे पान सापडत नाही’ अशा स्वरूपात येतात. म्हणून मॉनिटरिंगमधली पहिली सूचना ८० टक्क्यांवर लावावी, आणि ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांबरोबरच विकीच्या अ‍ॅडमिनलाही जाईल अशी व्यवस्था करावी.